येसकर : वेशीवर उभ्या केलेल्या माणसाचा इतिहास

'येसकर' हा शब्द आज आपल्या तरुण पिढीला दोनच ठिकाणी भेटतो. एक, कुणाच्या तरी आडनावात. दोन, दलित आत्मकथनांच्या पानांत. त्या शब्दाचा नेमका अर्थ विचारला तर बहुतेकांचे उत्तर 'गावकीचं काहीतरी काम' इथेच थांबते. अभ्यासवर्गांमध्ये आम्हाला यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकायला मिळतात. काहींना हा शब्द उच्चारायचीही लाज वाटते. काही जण उलट अभिमानाने सांगतात की आपण गावाचे रक्षक होतो, वतनदार होतो, गावाची किल्ली आपल्या हातात होती.

लाज आणि फुशारकी, दोन्ही अर्धवट माहितीतून येतात. येसकर हे पद काय होते, त्याला कोणते काम करावे लागे, त्याचा मोबदला काय होता आणि बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध लढा का दिला, हे एकत्र समजून घेतले तरच या शब्दाकडे सरळ नजरेने पाहता येते. हा विषय फक्त इतिहासाचा नाही. अनेक कुटुंबांच्या सात-बाऱ्यावर तो आजही जिवंत आहे.

शब्दाचा अर्थ

मूळ शब्द 'वेसकर'. वेस म्हणजे गावाच्या तटाचा, म्हणजेच गावकुसाचा दरवाजा. बोली मराठीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'वे'चा 'ये' होतो. वेळ म्हणजे येळ, वेडा म्हणजे येडा. तसाच वेसकराचा येसकर झाला. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातील मराठी कोशातही वेशीवर पहारा देणारा गावचा नोकर, बहुधा महार, अशा अर्थाने हा शब्द सापडतो.

यातला 'कर' हा प्रत्यय नीट पाहण्यासारखा आहे. पुण्याचा तो पुणेकर, साताऱ्याचा तो सातारकर. ज्या ठिकाणाचा माणूस, त्या ठिकाणाच्या नावाला 'कर' लागतो. मग येसकर कुठला? तो वेशीचा. गावात राहणारा तो गावकरी, आणि गावाची रात्रंदिवस राखण करणारा तो येसकर. गावाने त्याला नाव दिले ते दरवाजाचे, गावाचे नाही. त्याचे घर दरवाजाच्या बाहेर, त्याचे काम दरवाजावर, आणि दरवाजाच्या आत त्याला जायचे ते फक्त हुकमाने. जातिव्यवस्थेने माणसाला कुठे उभे केले होते, हे या एका शब्दातच नोंदले गेले आहे.

याच कामाशी जोडलेला दुसरा शब्द 'तराळ'. काही भागांत येसकर आणि तराळ हे शब्द एकाच माणसासाठी वापरले जात. काही ठिकाणी कामांची थोडी वेगळी वाटणी असे. शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनाच्या नावातला तराळ तो हाच. तराळाच्या घरात जन्मलेले खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या नावातली झेप कळायची असेल तर आधी तराळ म्हणजे कोण हे माहीत हवे.

येसकराला काय काय करावे लागे?

पहारा हे त्यातले एक काम. प्रत्यक्षातली यादी बरीच लांब होती:

• रात्री वेस बंद करणे, पहाटे उघडणे, अनोळखी माणसावर नजर ठेवणे, त्याची खबर पाटलाला देणे.

• चावडी झाडणे, पाटील-कुलकर्ण्यांच्या निरोपावरून लोकांना चावडीवर बोलावून आणणे.

• गोळा झालेला सारा तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवणे, सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे.

• गावात आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, त्याच्या घोड्याला वैरण आणि चुलीला सरपण पुरवणे, पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे.

• गावात कुणी मेले तर नातेवाइकांना परगावी सांगावा नेणे, सरणासाठी लाकडे फोडणे.

• मेलेली जनावरे ओढून गावाबाहेर नेणे.

• गावाची शीव ओळखणे आणि तंटा झाला तर तिची साक्ष देणे.

या यादीतला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोन गावांत शिवेचा वाद उभा राहिला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. कोणता दगड कुठला, कोणता ओढा कुणाच्या हद्दीत, हे पिढ्यानपिढ्या त्याला पाठ असे. म्हणजे ज्या माणसाला पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्याच माणसाच्या शब्दावर गावाची जमीन ठरत होती. त्याचे ज्ञान आणि त्याचे श्रम गावाला हवे होते, पण त्याचा स्पर्श नको होता.

पहाऱ्याच्या कामाचा बाबासाहेबांनी इतिहास म्हणूनही विचार केला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी 'वाताहत झालेल्या माणसांचा' सिद्धांत मांडला. टोळ्यांच्या लढायांत पराभूत होऊन विखुरलेली माणसे स्थिर झालेल्या वस्त्यांच्या कडेला राहिली; राखण आणि पहारा हे काम त्यांच्याकडे आले आणि त्याच्या बदल्यात त्यांना अन्न व निवारा मिळाला, असा त्याचा गाभा आहे. ही माणसे सुरुवातीपासून गावाबाहेर का राहिली, याचे उत्तर त्यांनी असे दिले. त्यांच्या मांडणीनुसार वेशीबाहेर राहणे आधीचे आणि अस्पृश्यता नंतरची. येसकराच्या पदाकडे पाहताना हा धागा विसरता येत नाही.

काठी, पाळी आणि भाकरी

महारवाड्यातल्या सगळ्यांनी रोज येसकरकी करायची, अशी पद्धत नव्हती. घरांमध्ये पाळी लावलेली असे. ज्या घराची पाळी, त्या घराकडे येसकराची काठी. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात घुंगरू लावलेली ही काठी, खांद्यावरचे कांबळे आणि दारोदार भाकरी मागत फिरणारा येसकर यांचे तपशीलवार चित्र उभे केले आहे. काठी हातात आलेल्या घराला त्या दिवसांपुरता केवढा मान वाटे, हेही त्यांनी लपवलेले नाही.

घुंगरांचा हेतू मात्र विचारात घ्यावा लागतो. येसकर वाड्यांपुढून चालला की घुंगरांचा आवाज व्हायचा. तो आला आहे हे कळायचे, माणसे दूर सरायची, घरातून शिळीपाकी भाकरी वरून टाकली जायची. म्हणजे मानाची वाटणारी ती काठी एक इशाराही होती. गुलामी टिकते ती फक्त धाकावर नाही. तिच्यात थोडासा मान मिसळून दिला की गुलामालाही ती आपली वाटू लागते. बेबीताईंच्या लेखनाची ताकद हीच की त्यांनी तो मान आणि त्यामागची लाचारी एकाच वेळी दाखवली.

पाळीचा माणूस आजारी असला किंवा गावाला गेला असला तरी काम चुकत नसे. घरातला म्हातारा बाप, बाई, पोर, कुणालाही हाक पडे. वतन एकाच्या नावावर आणि राबायचे सगळ्या घराने, हा त्याचा खरा व्यवहार होता. पाळीच्या घरातल्या बायकांची कामे तर कोणत्याही सरकारी यादीत आली नाहीत.

मोबदला : बलुते, हाडोळा आणि बावन्न हक्क

गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांच्याप्रमाणे महारही बलुतेदार. बारा बलुत्यांच्या याद्या प्रदेशागणिक बदलतात, पण महाराचे नाव त्यांत असतेच. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' या पुस्तकात या व्यवस्थेचे वर्णन वाचायला मिळते. ते वाचताना लेखक महसूल खात्यातले अधिकारी होते आणि त्यांची नजर महारवाड्यातून गावाकडे पाहणारी नव्हती, एवढे लक्षात ठेवावे.

मोबदल्याचे साधारण तीन भाग होते. सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य म्हणजे बलुते. रोज मागून आणायची भाकरी. आणि वतनाची जमीन, जिला हाडोळा किंवा हाडकी-हाडोळा म्हणत. याशिवाय मेलेल्या जनावराचे मांस आणि कातडे.

'बावन्न हक्क' ही आपल्या वाडवडिलांची आवडती गोष्ट. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, असे परंपरा सांगते. बाबासाहेबांनीही 'द अनटचेबल्स'मध्ये या परंपरेचा उल्लेख केला आहे. त्यांनी त्यातले ठळक म्हणून सांगितलेले हक्क पाहा: गावकऱ्यांकडून अन्न मागण्याचा हक्क, सुगीला धान्य गोळा करण्याचा हक्क, मेलेले जनावर नेण्याचा हक्क. मागून खाण्याला हक्क म्हणायचे आणि मेलेले ओढण्याला मान म्हणायचे, ही भाषा कुणाच्या सोयीची होती, याचा विचार आपण करायला हवा.

संत चोखामेळ्यांची कथा इथे आठवते. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेर. गावाचे कूस बांधता बांधता गेलेला माणूस शेवटीही दाराबाहेरच राहिला.

बाबासाहेबांनी वतनावर घाव का घातला?

इंग्रजी राजवटीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, म्हणजे वतन कायद्याने, ही जुनी चाकरी कायद्याच्या चौकटीत बसवली. देशमुख-देशपांड्यांसारख्या वरच्या वतनदारांना ठरावीक रक्कम भरून चाकरीतून मोकळे होण्याची वाट मिळाली. जमिनी मात्र त्यांच्याकडे राहिल्या. महाराला ती वाट नव्हती. त्याने राबायचेच.

वरून एक विचित्र पेच होता. काम सांगायचे सरकारने आणि मोबदला द्यायचा रयतेने. सरकारी काम केले नाही तर सरकारची शिक्षा. गावाच्या मनाविरुद्ध वागले तर गाव बलुते बंद करणार. महाड सत्याग्रहाच्या काळात सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगणाऱ्या आपल्या लोकांना गावोगावच्या बहिष्काराने हेच भोगायला लावले. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या दारात अडकली आहे, तो माणूस ताठ उभा राहू शकत नाही.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी महार वतनाच्या प्रश्नावर लेखन केले. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातल्या मागण्या अगदी व्यवहारी होत्या. वतनदाराची कामे नेमकी ठरवा. मोबदला पुरेसा आणि खात्रीचा करा. धान्याच्या बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारमार्फत वसूल करून द्या. आणि ज्याला चाकरी नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे होऊ द्या. म्हणजे देशमुखाला जे मिळाले ते महारालाही मिळावे, एवढेच.

विधेयक निवड समितीकडे गेले, त्यातला आशय पातळ केला गेला, विरोध होत राहिला. अखेर १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. प्रश्न मात्र सोडला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची मोठी परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली.

या लढ्यात एक कठीण बाजू होती आणि ती आपण लपवू नये. वतन सोडा म्हटल्यावर आपल्याच समाजातल्या अनेकांना धास्ती वाटली. जमिनीचा तुकडा जाईल, बलुते जाईल, गावातली उरलीसुरली जागा जाईल, ही भीती खोटी नव्हती. पोट त्यावरच होते. पण बाबासाहेबांचे म्हणणे होते की हेच वतन आपल्याला गावाच्या दाव्याला बांधून ठेवते, बाहेर पडू देत नाही आणि महत्त्वाकांक्षा मारून टाकते. पलटण, रेल्वे, गिरणी, गोदी यांत गेलेल्यांच्या हातात रोख पगार आला आणि त्यांची मुले शाळेत गेली. चळवळीला पहिली माणसे आणि पहिले पैसे याच घरांतून मिळाले. येसकराच्या काठीपासून सुटलेली घरे आधी उभी राहिली, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे, भाकरी मागणे, गावकीची कामे करणे सोडले. वाकून घातलेला 'जोहार' जाऊन 'जय भीम' आला. त्याची किंमत बहिष्कार आणि मारहाण अशी मोजावी लागली. कायदा त्यानंतर आला. येसकराची काठी आपल्या माणसांनी आधी खाली ठेवली होती. सरकारने ती नंतर रद्द केली.

१९५८ चा कायदा आणि वतनाच्या जमिनी

वतने रद्द होण्याचा क्रम बोलका आहे. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. महारांसह खालच्या गावनोकरांची वतने रद्द करणारा 'मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम' १९५८ चा. महसुली पाटलांचे हुद्दे रद्द करणारा कायदा १९६२ चा. वतन गेले तेव्हाही 'कनिष्ठ' हा शिक्का कायद्याच्या नावात राहिलाच.

या कायद्याने चाकरीचे बंधन संपले आणि वतनाच्या जमिनी सरकारजमा झाल्या. कब्जेहक्काची ठरावीक रक्कम भरल्यावर त्या मूळ वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद होती. पण अट अशी की ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येणार नाही, तिची वाटणी करता येणार नाही. म्हणून अशा जमिनींच्या सात-बाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद दिसते. जुन्या दप्तरात त्या 'इनाम वर्ग ६ ब' म्हणून आढळतात.

कायदा आला म्हणून प्रत्येक घरापर्यंत जमीन पोहोचली असे झाले नाही. कुणाला रक्कम भरायची हे कळलेच नाही, कुणाची जमीन आधीच गहाण होती, कुणी मुंबईला गेले आणि मागे कसणाऱ्याचा ताबा कायम झाला. शहरे वाढली तशी वेशीबाहेरची तीच नापीक जमीन सोन्याच्या भावाची झाली. कुलमुखत्यारपत्रांवर सह्या-अंगठे घेणारे दलालही मग आले. परवानगीची अट आपल्याला जाचक वाटते, पण अनेक ठिकाणी तीच अट व्यवहार तपासायला उपयोगी पडते, हेही खरे.

पद गेले, काम उरले

वतन संपल्यावर गावपातळीवरची कामे 'कोतवाल' या पदाकडे आली. तलाठ्याच्या हाताखाली दवंडी, नोटिसा, वसुलीला मदत, दप्तराची ने-आण, पंचनाम्याला धावपळ. हे पद जातीवर किंवा वंशावर चालत नाही, हा मूलभूत फरक आहे आणि तो लहान नाही. तरीही वर्षानुवर्षे मानधनावर राबणे आणि चतुर्थ श्रेणीचा दर्जा मागत राहणे कोतवालांच्या वाट्याला आले. २०२५ मध्ये या पदाचे नाव बदलून 'महसूल सेवक' करण्यात आले. नाव बदलण्याचे स्वागत आहे. पण येसकराच्या इतिहासाने शिकवलेला प्रश्न इथेही विचारावा लागतो: कामाचे तास ठरले का, वेतन ठरले का, नोकरीची सुरक्षितता आली का? बाबासाहेबांच्या १९२८ च्या विधेयकातले पहिले प्रश्न हेच होते.

तरुण कार्यकर्त्यांसाठी

येसकर, वेसकर, तराळ ही आडनावे असलेल्या आपल्या मित्रांना आडनाव बदलायचे असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. ठेवायचे असेल तर मान खाली घालण्याचे कारण नाही. लाज वाटायचीच असेल तर ती ज्यांनी माणसाला दाराचे नाव दिले त्यांना वाटावी. मात्र 'आम्ही वतनदार होतो' ही प्रौढी मिरवण्याआधी त्या वतनात काय दडले होते, ते एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आम्हाला तीन कामे तातडीची वाटतात.

पहिले, आठवणी नोंदवा. ज्यांनी लहानपणी बापाच्या किंवा आजाच्या हातात येसकराची काठी पाहिली ती माणसे आता थोडी उरली आहेत. पाळी किती घरांत होती, भाकरी कोणत्या दारांतून मिळे, काम कधी आणि कसे बंद केले, त्या दिवशी गावात काय झाले, हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. बाईंना वेगळे विचारा. त्यांच्या कामाची नोंद दुसरीकडे कुठेही नाही.

दुसरे, कागद पाहा. तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात आपल्या गावच्या दुमाला जमिनींची नोंदवही (गाव नमुना ३), वर्ग २ च्या जमिनींची नोंदवही (गाव नमुना १-क), जुने फेरफार आणि सात-बारा यांच्या नकला अर्ज करून मागा. वतनाची जमीन कोणत्या गटात होती, पुन्हा कुणाच्या नावे झाली, आज ताबा कुणाचा आहे, हे आधी समजून घ्या. या जमिनींच्या हस्तांतरणाच्या नियमांत वेळोवेळी बदल झाले आहेत. म्हणून जाणकार वकिलाला दाखवल्याशिवाय कोणत्याही मुखत्यारपत्रावर किंवा संमतिपत्रावर सही करू नका.

तिसरे, शब्द नीट वापरा. अभ्यासवर्गात, भाषणात, लेखात 'बावन्न हक्क' म्हणताना ते कशाचे हक्क होते तेही सांगा. 'गावाचे रक्षक' म्हणताना तो रक्षक राहात कुठे होता तेही सांगा. अर्धा इतिहास सांगितला की पुढच्या पिढीला पुन्हा लाज तरी वाटते किंवा खोटा गर्व तरी.

आज बहुतेक गावांत वेस पडली आहे. कमान उरली असेल तर तिच्यावर पुढाऱ्यांचे फलक लागतात. पण वस्ती अजून पलीकडेच आहे, स्मशानाची वाट अजून वेगळी आहे आणि काही गावांत वरात अजून अडवली जाते. येसकराचे पद कायद्याने संपले. ज्या वेशीमुळे ते पद निर्माण झाले, ती संपवण्याचे काम आपल्याकडे आले आहे.

जय भीम!